कल्हई, कथील आणि सातशे ब्याण्णव

या, बसा. चिंगे, आधी ती खिडकी सताड उघड. बंड्या, तू माझ्या डाव्या हाताला. उजवीकडं सोल्डरिंग आयर्न आहे, आणि ते तापलंय की गार आहे हे नुसतं बघून कळत नाही. साडेतीनशे अंशांवरसुद्धा त्याचं टोक लाल होत नाही, गार असताना दिसतं तसंच दिसतं. म्हणून पहिला नियम असा, की ते टेबलावरून घरंगळलं तर घरंगळू द्यायचं. झेलायला हात पुढं करायचा नाही. फरशीला काही होत नाही.

आता ती पिशवी ताटात उलटी करा. ताटात अशासाठी, की यातला एखादा कपॅसिटर दिवाणाखाली गेला तर दिवाळीच्या साफसफाईपर्यंत सापडत नाही. हे रेडिओचं किट बुधवार पेठेतलं, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतलं. बघा काय काय आहे. ही काळी कांडी फेराइटची. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूंची ऑक्साइडं मिसळून भट्टीत भाजलेली असते, हातातून पडली की दोन तुकडे. तिच्यावर बारीक तारेचं वेटोळं. ही पांढरी चौकोनी डबी म्हणजे गँग कंडेन्सर, स्टेशन लावायचा. हे दोन-तीन रेझिस्टर. चिंगे, पट्ट्यांचे रंग वाच. तपकिरी, काळा, पिवळा? म्हणजे एक लाख ओहम. आणि तपकिरी, काळा, लाल? एक हजार. शाब्बास. हा बीसी ५४८ ट्रान्झिस्टर, आणि हा तसाच दिसणारा, तीन पायांचा टीए ७६४२. दोघांची अदलाबदल झाली तर रेडिओ जन्मभर मुका राहील, म्हणून पाठीवरचे आकडे भिंगातून वाचल्याशिवाय एकही पाय भोकात घालायचा नाही.

बंड्याचा चेहरा सांगतोय, एवढ्याशात रेडिओ होतो? होतो. इंग्लंडच्या फेरांटी कंपनीनं १९७२ साली झेडएन ४१४ नावाचा तीन पायांचा आयसी काढला. त्याच्या पोटात दहा ट्रान्झिस्टर होते आणि दीड व्होल्टचा एक सेल त्याला पुरायचा. आपला ७६४२ त्याच घराण्यातला. पण त्याच्याकडं नंतर येऊ. आज खरी गंमत या चंदेरी तारेत आहे.

ही सोल्डरची तार. बोटानं वाकवा, सहज वाकते. आता मला सांगा, सोल्डर म्हणजे धातूचा डिंक, असंच वाटतं ना? शंभरातल्या नव्वद लोकांना तसंच वाटतं, आणि म्हणूनच त्यांचे सांधे सुटतात. डिंक वर बसतो. हे वर बसत नाही, आत शिरतं.

तुम्ही कल्हईवाला पाहिला नाहीत. आम्ही वाड्यात राहायचो तेव्हा तो वर्षातून दोन-तीनदा चौकात यायचा. जमिनीत छोटा खड्डा करून कोळसे पेटवायचा आणि भाता हलवायला आम्हा पोरांना बसवायचा. घराघरांतली पितळी पातेली, तपेली बाहेर निघायची. पितळेत आमटी-ताक ठेवलं की आंबट पदार्थ तांब्याला खातो आणि अन्न कळकतं, म्हणून आतून कल्हई. तो पातेलं तापवायचा, आत नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर भस्सकन वर यायचा. मग कथिलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायचं. पिवळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीचं व्हायचं. आम्ही तोंडाचा आ करून बघत असू.

पण एखाद्या पातेल्यात कथील पसरायचंच नाही. गोळ्या होऊन इकडं तिकडं पळायचं. कल्हईवाला वैतागून पुन्हा नवसागर टाकायचा, आणि मग ते मुकाट्यानं पसरायचं. आज तुम्ही करणार ते हेच. फक्त पातेल्याच्या जागी तांब्याचा एवढासा ठिपका आहे.

कथील पळतं का आणि पसरतं का, ते ऐका. तांबं, पितळ, कुठलाही असा धातू हवेत ठेवला की त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ असतो. वितळलेलं कथील आधीच स्वतःच्या अणूंना घट्ट धरून असतं. समोर ऑक्साइड असेल तर त्याला तिथं धरण्यासारखं काही मिळत नाही, म्हणून ते अंग चोरून गोळा होतं. तो थर काढला आणि उघडं तांबं समोर आलं, की कथिलाचे अणू आपल्या सोबत्यांपेक्षा तांब्याकडं जास्त ओढले जातात. मग ते पसरतं, फटीत शिरतं, उभ्या पायावर वरसुद्धा चढतं. कामगार म्हणतात, सोल्डर धरलं.

धरलं म्हणजे काय, तर तांब्याचे अणू कथिलात उतरतात. तांबं वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस लागतात, आपलं आयर्न त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तरी तांबं विरघळतं, वितळत नाही पण विरघळतं. सहा अणू तांब्याचे आणि पाच कथिलाचे, अशा ठरलेल्या प्रमाणात दोघांचा एक तिसराच पदार्थ तिथं तयार होतो. केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही पातळ असा त्याचा थर. तो झाला तर सांधा झाला, नाही तर नुसता धातूचा टिपूस पडलाय. आणि फार वेळ तापवत बसलात तर तोच थर जाड होतो आणि ठिसूळ पडतो. म्हणजे घाई करायची नाही आणि रेंगाळायचंही नाही. जुन्या आयर्नची टोकं साध्या तांब्याची असत. रोज थोडं थोडं तांबं सोल्डरमध्ये विरघळून टोकाला खड्डे पडायचे, मग आम्ही कानस घेऊन बसायचो. आताच्या टोकांवर लोखंडाचा मुलामा असतो. त्यांना कानस लावलीत तर मुलामा जाईल आणि टोक बाद. ओल्या स्पंजवर पुसायचं, बास.

ही तार तिरकी कापून भिंगाखाली धर, चिंगे. मधोमध पिवळसर ठिपका दिसतो? तो रोझिन, चीड झाडाची राळ. उत्तराखंड-हिमाचलात चीडाच्या खोडाला चिरा पाडून चीक गोळा करतात. तो तापवून टर्पेंटाइन उडवलं की मागं हा काचेसारखा खडा उरतो. व्हायोलिनवाले गजाला घासतात तोही हाच. थंड असताना तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. तापून वितळला की त्यातलं आम्ल जागं होतं, तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकतं आणि सोल्डर येईपर्यंत हवेला आडवं उभं राहतं. काम झालं, गार झालं, की पुन्हा निजतं. कल्हईवाल्याचा नवसागर हे काम जास्त जोरात करतो. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतं. पण त्याचा जो अंश मागं राहतो तो ओल धरून पुढं महिनोन्महिने तांबं खात राहतो. पातेलं धुता येतं, रेडिओ कसा धुणार? म्हणून इथं राळच. सोनार डाग देताना टाकणखार लावतो, त्याचंही कारण ऑक्साइडच.

आता धातूचं बघू. या तारेत शंभरात त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसं आहे. नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, नुसतं शिसं ३२७ ला. मग मिश्रण कितीला वितळेल? बंड्या म्हणतो, मधे कुठंतरी, दोनशे सत्तर-बाहत्तर. मीही तुझ्या वयात तेच म्हटलं असतं. उत्तर आहे १८३. दोघांपेक्षाही कमी! शिशाचा अणू कथिलापेक्षा मोठा, दोघांची रचून बसायची पद्धत वेगळी. द्रवात ते सुखानं मिसळून फिरतात, पण थिजायचं म्हटलं की एकमेकांच्या रांगेत बसता येत नाही. म्हणून तो द्रव शक्य तितका वेळ थिजायचं टाळतो. त्रेसष्ट-सदतीस हा असा नेमका आकडा आहे, की १८३ ला सगळं एकदम थिजतं. साठ-चाळीसची तार घेतलीत तर मधे काही अंश ते ना धड पातळ ना धड घट्ट अशा अवस्थेत असतं. त्या क्षणी पाय हलला तर सांधा आतून भेगाळतो. वरून करडा, खरबरीत दिसतो. ‘ड्राय सोल्डर’ म्हणून दुरुस्तीवाले कपाळाला हात लावतात तो हाच. म्हणून थिजताना फुंकर मारायची नाही, हात हलवायचा नाही.

चला, करा सुरुवात. हा एक लाखाचा रेझिस्टर. पाय वाकवून भोकांत घाल, पालथा कर. आता आयर्नचं टोक असं टेकव, की पाय आणि तांब्याचा ठिपका दोघांनाही एकदम लागलं पाहिजे. मनात एक, दोन म्हण. आता तार दुसऱ्या बाजूनं सांध्याला लाव. आयर्नला नाही, सांध्याला! पाहिलंस? आपणहून धावलं. आधी तार काढ, मग आयर्न. पायाभोवती आत झुकलेला चकचकीत उतार दिसतो ना, तो बरोबर. गोल मणी बसला असेल तर समजायचं, ठिपका गारच होता.

बहुतेकजण काय करतात, आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेतात आणि चमच्यानं औषध पाजल्यागत आणून टेकवतात. वाटेत राळ जळून जाते. धूर निघतो तो तिचाच. सांध्यापाशी पोचेपर्यंत ऑक्साइड खाणारं कुणी उरलेलं नसतं. तापवायचं सांध्याला, वितळवायचं सांध्यानं. हे एवढं हाताला कळलं की बाकी सगळा सराव.

वेटोळ्याच्या तारेची टोकं मात्र आधी ब्लेडनं हळू खरवडा. ती तांबडी दिसते तो तांब्याचा रंग नाही, वार्निशाचा आहे. तिथं राळेचं काही चालत नाही, सोल्डर गोळा होऊन घसरतं, आणि रेडिओ न बोलण्याचं निम्मं कारण तिथं असतं. आयसीचे तीन पाय सलग तापवू नका. एक लावा, दुसरीकडं जा, मग परत या.

काय म्हणतेस? शिसं विषारी असतं? असतंच. बरं विचारलंस. शिसं उकळतं १,७४९ अंशांना, आपण त्याच्या आसपासही नाही, तेव्हा या धुरात शिसं नाही. पण राळेचा धूर छातीला वाईट, रोज हुंगणाऱ्या कामगारांना दमा जडतो. खिडकी त्यासाठी. शिसं जातं बोटांवरून तोंडात. म्हणून हे चालू असताना चिवडा नाही, नखं खाणं नाही, आणि उठल्यावर साबणानं हात. युरोपनं तर १ जुलै २००६ पासून घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंदीच घातली. आता कारखान्यात कथील, थोडी चांदी आणि किंचित तांबं असं मिश्रण वापरतात. ते २१७ अंशांच्या पुढं वितळतं, नवशिक्याच्या हाताला जरा जड जातं.

आणि शिसं काढल्यावर कथिलानं आपला जुना खोडसाळपणा पुन्हा दाखवला. शुद्ध कथिलाच्या मुलाम्याला केस फुटतात! थट्टा नाही. मुलाम्यात आतल्या आत ताण साठतो, आणि तो मोकळा करायला कथील अतिशय बारीक स्फटिकांचे केस बाहेर ढकलतं. गार, कोरड्या, बंद डबीतही महिनोन्महिने वाढतात, काही तर कित्येक मिलिमीटर. दोन पायांच्या मधे असा केस पडला की शॉर्ट. १९९८ च्या मे महिन्यात गॅलेक्सी ४ हा अमेरिकेचा उपग्रह भरकटला, तिकडचे लाखो पेजर एका फटक्यात गप्प झाले. शोध घेणाऱ्यांनी दोष दिला तो या केसांना. थोडंसं शिसं मिसळलं की केस फुटणं जवळजवळ थांबतं. विष म्हणून हाकलायचं आणि राखणदार म्हणून ठेवायचं, असा हा धातू. उपग्रहवाले अजून त्याला पूर्ण सोडायला तयार नाहीत, आणि मला विचाराल तर ते बरोबर करतात.

झाले सगळे सांधे? एकेक भिंगातून बघा. तो तिसरा परत कर, मणी झालाय. आता सेल घाला, इयरफोन कानाला.

खरखर येतेय? छान, म्हणजे जिवंत आहे. थांबा, गँग फिरवू नका, आधी काय चाललंय ते ऐका. पुण्याचं आकाशवाणी केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर. म्हणजे मनोऱ्यातली वीज सेकंदाला सात लाख ब्याण्णव हजार वेळा खालीवर होते. तिच्यातून निघालेली लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते, भागाकार करा. एका लहरीची लांबी भरते ३७९ मीटर. आपली अख्खी सोसायटी एका लहरीत मावते! आणि ती आत्ता या खोलीतून, माझ्या चष्म्यातून, आजीच्या पोळपाटातून निघालीच आहे. एकटी नाही, इतर सगळ्या केंद्रांच्या लहरीही तिच्यासोबत. फेराइटची कांडी त्यांचं चुंबकीय अंग स्वतःत ओढून घेते आणि वेटोळ्यात अगदी नखभर वीज उठते, सगळ्यांची मिसळून.

त्यातून एक वेगळी कशी करायची? दोन तानपुरे एका खोलीत सारखे लावून ठेवा. एकाचा षड्ज छेडा, दुसऱ्याची तीच तार कुणी हात न लावता थरथरते, बाकीच्या ढिम्म. वेटोळं आणि गँग मिळून अशी विजेची एक तार होते. गँगमधली वीज वेटोळ्यात जाते, वेटोळ्याचं चुंबकत्व तिला परत गँगमध्ये ढकलतं, आणि या येण्या-जाण्याला स्वतःचा एक ठरलेला वेग असतो. गँगचे पत्रे एकमेकांत जास्त सरकवले की वेग कमी, बाहेर काढले की जास्त. तो ७९२ हजारांवर आणलात की पुण्याची लहर दर खेपेला वेळेवर येऊन धक्का देते आणि झुलणं वाढतं. बाकीच्यांचे धक्के अवेळी पडतात, मरतात.

पण सेकंदाला आठ लाख कंपनं इयरफोनच्या पडद्याला झेपत नाहीत, आणि झेपली तरी आपल्याला ऐकू येणार नाहीत. निवेदकाचा आवाज त्या कंपनांच्या उंचीत लपलेला आहे. तो बोलला की उंची कमीजास्त होते, थांबला की एकसारखी. खालची बाजू वरच्या बाजूला खोडून काढते, म्हणून एक बाजू छाटावी लागते. मग उंचीचा चढउतार उरतो, आणि तोच आवाज. हे छाटणं आपल्या आयसीत होतं. पण ते सगळ्यात आधी कुणी दगडाकडून करून घेतलं माहीत आहे? कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेनाचा स्फटिक घेतला आणि त्याला धातूचं टोक टेकवून लहरी पकडल्या. १९०१ साली अर्ज केला, १९०४ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं पेटंट दिलं. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरच्या खाणींत निघतं तेच. भट्टीत घातलं तर सोल्डरमधलं शिसं होतं, नुसतं टोक टेकवून ठेवलं तर रेडिओचा कान होतो. एकाच दगडातून दोन्ही कामं.

आता फिरव गँग, अगदी सावकाश. आलं? बाई बोलतायत? दे इकडं... हं! बातम्या आहेत. ती मागची घरघर आकाशवाणीची नव्हे, आपल्या एलईडी दिव्याची आणि मोबाइलच्या चार्जरची. त्यांच्या पोटातले स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि याच पट्ट्यात गोंगाट करतात. चार्जर उपटा बघू. ऐकलंत? रात्री गच्चीवर जाऊ, तेव्हा भलतीच स्टेशनं येतील. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर उन्हानं विजेरी झालेला हवेचा एक थर मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो, लहरी आणखी वर जातात, तिथून परतून शेकडो कोस लांब उतरतात. कोलकात्यात शिशिरकुमार मित्रांनी या थरांवर आयुष्य घातलं. आपल्या किटला एकच वेटोळं, त्यामुळं रात्री दोन-तीन केंद्रं एकमेकांच्या अंगावर चढतील. त्याला इलाज नाही, किटच्या किमतीत तेवढंच येतं.

आणि एक करा. रेडिओ आडवा धरून स्वतःभोवती सावकाश गोल फिरा. आवाज मोठा होतोय, बारीक होतोय? फेराइटची कांडी मनोऱ्याला आडवी असली की सगळ्यात मोठा, टोक मनोऱ्याकडं रोखलं की जवळजवळ गप्प. आवाज बुडेल तिथं थांबा. कांडी ज्या रेषेत आहे त्या रेषेवर मनोरा. पण कांडीला टोकं दोन, तेव्हा तो पुढं आहे की मागं? इथून कळायचं नाही. नकाशा आणा, आपल्या घरावरून पेन्सिलीनं ती रेघ ओढा. रविवारी आत्याकडं कोथरूडला जाणार आहात ना, रेडिओ आणि होकायंत्र बरोबर न्या, तिच्या गच्चीवरून दुसरी रेघ काढा. दोन्ही जिथं छेदतील तिथं मनोरा असणार. आणि जाण्याआधी बंड्या, सेल काढून ठेव, नाहीतर रविवारपर्यंत उतरलेला असेल.